नाव तेच, पत्ता जुना: एका देवस्थान कार्यालयातील डीएनएस कॅशचे प्रकरण

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाने गेल्या श्रावणात आपले संकेतस्थळ एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवले. या संकेतस्थळावरून अग्रशाळेतील, म्हणजे भक्तांच्या निवासातील, खोल्यांचे आरक्षण होते, अभिषेक आणि इतर सेवांची आगाऊ नोंद होते, आणि मुंबईपासून मंगळूर-कोचीपर्यंत पसरलेले कुळावी, म्हणजे या देवाला कुलदैवत मानणारी कुटुंबे, गोव्यात येण्याआधीचे बहुतेक व्यवहार तिथेच उरकतात. बुधवारी रात्री स्थलांतर झाले आणि गुरुवारी दुपार होण्याआधीच अग्रशाळेतील एकच खोली त्याच तारखांसाठी दोन कुटुंबांच्या नावावर लागली. मुंबईच्या एका कुटुंबाने मोबाइलवरून नव्या सर्व्हरवर आरक्षण केले होते. दुसऱ्याचे आरक्षण कार्यालयाच्या काउंटरवर झाले होते, आणि काउंटरवरील संगणक अजूनही जुन्याच सर्व्हरवर नोंदी करत होता.

मला बोलावणे आले तेव्हा निरोप असा होता की, डीएनएस कॅश (संकेतस्थळांच्या पत्त्यांचा संगणकातील साठा) साफ केली, दोनदा केली, तरी जुनीच साइट उघडते. हे प्रकरण लिहून ठेवण्याजोगे झाले ते या निरोपामुळे. कॅश साफ करण्याची आज्ञा एका ओळीची आहे आणि ती कशी चालवावी हे कोणीही सांगेल. ती चालवूनही जुने उत्तर परत येत असेल तर ते नेमके कुठून येते, हे शोधण्यातच खरे काम असते, आणि या कार्यालयातील तीन संगणकांवर त्याची तीन वेगळी कारणे निघाली.

देवस्थानाचे नाव आणि खरे आयपी पत्ते इथे दिलेले नाहीत. जुन्या सर्व्हरसाठी १९८.५१.१००.२४ आणि नव्यासाठी २०३.०.११३.८० हे पत्ते वापरले आहेत. हे दोन्ही गट केवळ लेखनातील उदाहरणांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे ते कोणाच्याही खऱ्या सर्व्हरचे असू शकत नाहीत. आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावी लागतात.

उत्तर कुठे कुठे साठते

संगणक एकमेकांना आकडी पत्त्याने ओळखतात आणि माणसे संकेतस्थळाला नावाने ओळखतात. नावावरून पत्ता शोधून देण्याची जी व्यवस्था आहे ती डीएनएस. नाव तेच राहते आणि ठिकाण बदलते, ही गोष्ट फोंडा महालातील वाचकाला निराळी समजावून सांगावी लागत नाही. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. नावे होती तीच राहिली, आणि दर्शनाला येणाऱ्याला नवी वाट कळेपर्यंत जुन्या गावी जाऊन परतावे लागले असेल. संकेतस्थळ हलवल्यावर नेमके हेच होते. फरक इतकाच की डीएनएसमध्ये जुनी वाट किती वेळ लक्षात ठेवायची, हे आधीच सेकंदांत ठरवून दिलेले असते.

या मुदतीला टीटीएल म्हणतात. देवस्थानाच्या नावापुढील पत्त्याच्या नोंदीला ८६,४०० सेकंदांची, म्हणजे पूर्ण २४ तासांची मुदत लावलेली होती. एखाद्या मधल्या सर्व्हरने हे उत्तर एकदा मिळवले की, पुढचे २४ तास तो मूळ सर्व्हरला पुन्हा विचारत नाही. आपल्याजवळचे साठवलेले उत्तरच देत राहतो. या साठ्याला कॅश म्हणतात. हा दोष नाही, अशी योजनाच आहे. जगातील प्रत्येक संगणकाने प्रत्येक पानासाठी मूळ सर्व्हरकडे धाव घेतली असती, तर ही व्यवस्था केव्हाच कोलमडली असती.

मात्र साठा एकाच जागी नसतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ब्राउझर स्वतःजवळ थोडा वेळ उत्तर ठेवतो. त्याखाली विंडोज, मॅक किंवा लिनक्स ही प्रणाली आपली कॅश ठेवते. राउटर आपली ठेवतो. आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर त्याच्याकडे विचारणा करणाऱ्या सगळ्या ग्राहकांसाठी मिळून एक मोठी कॅश ठेवतो. संगणकावर चालवलेली आज्ञा यांपैकी फक्त एक साठा रिकामा करते. वरच्या पायरीवर जुने उत्तर असेल, तर रिकामा झालेला साठा पुढच्याच क्षणी त्याच जुन्या उत्तराने भरतो.

देवस्थानाच्या कार्यालयात एक राउटर आहे आणि त्याचा आतील पत्ता १९२.१६८.१.१ आहे. सर्व संगणक नावांची चौकशी त्याच्याकडे करतात, आणि तो ती इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. पावसाळ्यात वीज वारंवार जाते म्हणून राउटर इन्व्हर्टरवर ठेवलेला आहे, त्यामुळे तो महिनोन्महिने बंद होत नाही. संगणक मात्र संध्याकाळी आरतीनंतर कार्यालयाला कुलूप लावताना बंद केले जातात.

बुधवारची रात्र, गुरुवारची सकाळ

स्थलांतराचे काम म्हापशाच्या एका तरुण तंत्रज्ञाने घेतले होते, आणि त्याने ते निष्काळजीपणे केले असे म्हणता येणार नाही. बुधवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी त्याने जुन्या सर्व्हरवरील आरक्षणांचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर उतरवला, डीएनएसमधील पत्ता बदलला, मोबाइलवर नवे संकेतस्थळ उघडते याची खात्री केली आणि झोपायला गेला. जुना सर्व्हर त्याने महिनाभर चालू ठेवायचे ठरवले होते, आणि तेही बरोबरच होते, कारण जुना पत्ता घेऊन येणाऱ्याला निदान काहीतरी दिसले पाहिजे. चूक झाली ती एवढीच की जुन्या सर्व्हरवरील आरक्षणाचा अर्ज त्याने बंद केला नाही. दोन्ही दुकाने उघडी राहिली आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या वह्या सुरू झाल्या.

सकाळी काउंटरवरील कारकुनांनी नेहमीप्रमाणे संकेतस्थळ उघडले. पान तेच, रंग तेच, प्रवेशाचा पासवर्ड तोच. नव्या सर्व्हरवर मजकूर जसाच्या तसा नेल्यामुळे डोळ्यांनी फरक कळण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या मते स्थलांतर करणाऱ्याने निदान पानाच्या तळाशी एखादी बारीकशी खूण नव्या प्रतीवर ठेवावी. इथे ती असती, तर सकाळी साडेनऊलाच गोंधळ उघडकीस आला असता. तो उघडकीस आला ११ च्या सुमारास, जेव्हा मुंबईच्या कुटुंबाने फोन करून आपल्या पावतीचा क्रमांक सांगितला आणि कारकुनांना तो क्रमांक आपल्या पडद्यावर सापडेना.

त्याआधी हिशेबनिसांना वेगळीच शंका आली होती. रात्री जमा झालेल्या देणग्या बँकेच्या खात्यात दिसत होत्या, पण संकेतस्थळावरील यादीत दिसत नव्हत्या. त्यांनी तंत्रज्ञाला फोन केला, आणि त्याने फोनवरूनच कॅश साफ करायला सांगितले. आज्ञा चालली, पडद्यावर कॅश यशस्वीपणे साफ झाल्याची ओळ आली, आणि यादी होती तशीच राहिली. समितीच्या मुखत्यारांनी तेवढ्यात आपले संकेतस्थळ कोणी हॅक तर केले नाही ना, अशी पृच्छा केली.

मुखत्यारांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कॅशमध्ये मुद्दाम खोटे उत्तर घुसवता येते, हे अमेरिकी संशोधक डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये इतक्या सोप्या रीतीने दाखवून दिले होते की, जगभरच्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी दुरुस्ती करावी लागली. प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या, अंदाज न बांधता येणाऱ्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांकित दारावरून) पाठवण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली. परंतु या प्रकरणात संगणकांना मिळणारा पत्ता देवस्थानाच्याच जुन्या सर्व्हरचा होता, जुन्या होस्टिंगच्या कागदपत्रांवर तो छापलेला होता, आणि खोटे उत्तर घुसवणारा कोणी खऱ्या मालकाच्या जुन्या घराचा पत्ता देत बसत नाही. तेव्हा हॅकिंगचा विषय तिथेच मिटला.

हिशेबनिसांचा संगणक

पहिली तपासणी या संगणकावर केली. विंडोज ११, नेहमीची मांडणी, ब्राउझर क्रोम. कॅश पुन्हा साफ करण्याआधी तिच्यात काय आहे ते पाहिले. हा क्रम मी आग्रहाने पाळतो, कारण साफ करून टाकलेल्या कॅशबरोबर पुरावाही जातो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस' ही आज्ञा दिली की, साठवलेल्या सर्व नोंदी आणि प्रत्येकीची उरलेली मुदत दिसते. देवस्थानाच्या नावापुढे १९८.५१.१००.२४ हा जुना पत्ता होता आणि मुदत होती २३,३०० सेकंदांच्या आसपास.

हा आकडा बोलका होता. ८६,४०० पैकी एवढीच मुदत उरली आहे, याचा अर्थ हे उत्तर आज सकाळी मूळ सर्व्हरकडून ताजे आलेले नाही; ते काल संध्याकाळी ५ च्या सुमारास, म्हणजे पत्ता बदलण्याआधी, कोणीतरी घेऊन ठेवलेले आहे. हिशेबनिसांनी त्या सकाळी संगणक एकदा रीस्टार्टही केला होता, आणि विंडोजची ही कॅश मेमरीत असल्यामुळे रीस्टार्टनंतर टिकत नाही. तेव्हा घेऊन ठेवणारा हा संगणक नव्हता.

यानंतर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' चालवले, ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडले आणि पुन्हा नोंद पाहिली. पत्ता जुनाच, आणि मुदत आणखी काहीशे सेकंदांनी घटलेली. मूळ सर्व्हरकडून नवे उत्तर आले असते तर मुदत पुन्हा ८६,४०० वरून सुरू झाली असती. ती घड्याळाबरोबर उतरतच होती. म्हणजे आज्ञेने आपले काम चोख केले होते. संगणकाचा साठा रिकामा झाला, त्याने राउटरला विचारले, आणि राउटरने वरून आलेले तेच उत्तर उरलेल्या मुदतीसह पुढे दिले. ज्याला फोनवरून फक्त फ्लश करायला सांगितले गेले, त्याला यातले काहीच दिसत नाही. आज्ञा निरुपयोगी आहे, एवढाच त्याचा ग्रह होतो.

राउटर बंद करून पुन्हा चालू करावा, असे कार्यालयातील प्रत्येकाचेच मत होते. तो केला. काही बदलले नाही, आणि बदलणार नव्हतेच. राउटरने आपले उत्तर इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडून घेतले होते, आणि उत्तर खाली उतरताना आपल्याबरोबर उरलेली मुदतच आणते. त्यामुळे राउटरची मुदत आणि कंपनीच्या सर्व्हरची मुदत एकाच क्षणी संपते. राउटर रिकामा केला तरी वरचा साठा भरलेला असतो, आणि तिथून तेच उत्तर पुन्हा खाली येते. राउटर बंद-चालू केल्याने डीएनएसची अडचण सुटल्याचे अनुभव अनेकांना असतात. ते बहुधा राउटरच अडकलेला असताना किंवा मधल्या काळात मुदत आपोआप संपल्यामुळे आलेले असतात.

कंपनीच्या सर्व्हरवर जुने उत्तर आहे हे नुसत्या तर्कावर न सोडता तपासून घेतले. 'एनएसलुकअप' या आज्ञेत नावापुढे दुसऱ्या एखाद्या सर्व्हरचा पत्ता दिला, की प्रश्न थेट त्याच सर्व्हरला जातो. राउटरला विचारले तेव्हा जुना पत्ता आला. देवस्थानाच्या डोमेनचा (संकेतस्थळाच्या नावाचा) जो मूळ नामसर्व्हर, म्हणजे पत्त्याची अधिकृत नोंद ठेवणारा सर्व्हर, आहे त्याला विचारले तेव्हा २०३.०.११३.८० हा नवा पत्ता आला, आणि उत्तरावर 'नॉन-ऑथोरिटेटिव्ह' ही सूचना नव्हती, म्हणजे ते कोणाच्या साठ्यातले नसून मूळचे होते. क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ या सार्वजनिक सर्व्हरला विचारले तेव्हाही नवाच पत्ता आला. पत्ता योग्य रीतीने बदललेला आहे आणि अडसर कार्यालय ते इंटरनेट कंपनी एवढ्याच टप्प्यात आहे, हे तेव्हा निश्चित झाले.

इथे दोन मार्ग होते. एक म्हणजे संध्याकाळचे ५ वाजेपर्यंत थांबणे. तेव्हा जुने उत्तर आपोआप गळून पडले असते. ज्या कार्यालयात केवळ माहितीचे संकेतस्थळ असते तिथे मी हाच मार्ग सुचवला असता, आणि तो कमीपणाचा मार्ग नाही. परंतु इथे दर तासाला आरक्षणे होत होती. म्हणून राउटरच्या मांडणीत जाऊन नावांची चौकशी इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरऐवजी १.१.१.१ आणि ८.८.८.८ या सार्वजनिक सर्व्हरांकडे वळवली. यांपैकी दुसरा गुगलचा असून तो डिसेंबर २००९ पासून चालू आहे. पहिला १ एप्रिल २०१८ रोजी सुरू झाला. या दोन्ही सेवांची एक सोय फारशी कोणाला ठाऊक नसते: विशिष्ट नावाची साठवलेली नोंद काढून टाकण्यासाठी त्यांनी स्वतंत्र पाने ठेवलेली आहेत, आणि तिथे कोणालाही ती विनंती करता येते. आपल्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवर ग्राहकाला असे काही करता येत नाही. दोन्ही ठिकाणी देवस्थानाचे नाव देऊन जुनी नोंद कुठे उरली असल्यास ती काढवून घेतली, मगच राउटरची मांडणी बदलली, आणि त्यानंतर हिशेबनिसांच्या संगणकावर फ्लशची तीच आज्ञा पुन्हा दिली. या वेळी रात्रीच्या देणग्या यादीत दिसल्या.

काउंटरवरील संगणक

राउटर सुधारला म्हणजे आता सगळेच संगणक सुधारतील, या अपेक्षेने काउंटरवरील विंडोज १० च्या संगणकावर फ्लश केले. तो ढिम्म हलला नाही. त्याच राउटरवर, त्याच वायरीवर, शेजारच्या टेबलावरील संगणक नवे संकेतस्थळ दाखवत होता आणि हा जुने.

अशा वेळी दोन साध्या आज्ञा शेजारी शेजारी चालवून पाहाव्यात. 'पिंग' आणि 'एनएसलुकअप' दोन्ही नावाचा पत्ता सांगतात, पण वेगवेगळ्या वाटेने. पिंग ही आज्ञा इतर सर्व प्रोग्रामांप्रमाणे विंडोजकडे नाव देते, आणि विंडोज आपली कॅश व आपल्याजवळची यादी पाहून उत्तर देते. एनएसलुकअप या दोन्हींना बगल देऊन थेट डीएनएस सर्व्हरकडे जाते. काउंटरवर एनएसलुकअपने नवा पत्ता दिला आणि पिंगने जुना. याचा अर्थ सर्व्हरकडून येणारे उत्तर बरोबर आहे आणि चुकीचे उत्तर याच संगणकाच्या पोटात आहे. पुष्कळ जण केवळ एनएसलुकअप चालवून सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देतात. तो निर्वाळा सर्व्हरपुरता खरा असतो, समोरच्या संगणकापुरता नव्हे.

फ्लश केल्यावर लगेच डिस्प्लेडीएनएस पाहिले तर देवस्थानाच्या नावाची नोंद तिथे हजरच होती. नुकत्याच साफ केलेल्या कॅशमध्ये कोणी न विचारता एखादे नाव दिसत असेल, तर ते होस्ट्स फाइलमधून, म्हणजे विंडोजजवळच्या त्या यादीतून, आलेले असते. विंडोज या फाइलमधील नोंदी कॅशमध्ये आधीच भरून ठेवते आणि फ्लशची आज्ञा त्यांना हात लावत नाही. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी असे उतरत गेल्यावर 'होस्ट्स' नावाची, पुढे कोणतेही एक्स्टेन्शन नसलेली फाइल सापडते. नोटपॅड प्रशासक म्हणून उघडून तीत पाहिले. सूचनांच्या नेहमीच्या ओळींखाली एक ओळ होती: १९८.५१.१००.२४, आणि पुढे देवस्थानाच्या संकेतस्थळाचे नाव.

ती कोणी लिहिली असावी, याचा उलगडा चिटणिसांच्या आठवणीतून झाला. काही वर्षांपूर्वी संकेतस्थळ असेच एकदा हलवले गेले होते, आणि आज जुना ठरलेला सर्व्हर तेव्हा नवा होता. डीएनएस बदलण्याआधी नवे संकेतस्थळ पाहता यावे म्हणून त्या वेळच्या तंत्रज्ञाने काउंटरवरील संगणकाला ही ओळ लिहून दिली. पद्धत योग्यच आहे, आणि आजही ती वापरली जाते. काम झाल्यावर ओळ काढायची राहून गेली. नंतर डीएनएसमधला पत्ता आणि ओळीतला पत्ता एकच झाल्यामुळे तिचे असणे इतकी वर्षे कोणाला जाणवले नाही.

ही फाइल आजच्या व्यवस्थेपेक्षा जुनी आहे. डीएनएस नव्हते तेव्हा अमेरिकेतील जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे आणि पत्ते स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे एका फाइलमध्ये ठेवलेले असत, आणि प्रत्येक जण तिची प्रत उतरवून घेत असे. संगणक वाढले तशी ही रीत अशक्य होत गेली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी वाटून देणारी नवी रचना मांडली. १९८७ मध्ये तिचे आजही आधारभूत असलेले मसुदे निघाले. त्या जुन्या रीतीचा अवशेष प्रत्येक संगणकात होस्ट्स फाइलच्या रूपाने उरला आहे, आणि डीएनएसला विचारण्याआधी तिच्याकडे पाहण्याची सवयही उरली आहे. तिच्यातील ओळीला टीटीएल नसते. टीटीएल नसलेले उत्तर कधीच शिळे होत नाही, आणि म्हणून ते सर्वांत धोक्याचे.

ओळ काढून फाइल जतन केली आणि पिंगने नवा पत्ता दिला. क्रोम मात्र आणखी काही क्षण जुनेच पान दाखवत राहिला, कारण जुन्या सर्व्हरशी जोडलेली त्याची जोडणी अजून उघडी होती. त्याच्या सर्व खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडला, एवढे पुरले. ते न पुरल्यास क्रोमच्या 'नेट-इंटर्नल्स' या पानावर डीएनएस विभागात त्याची स्वतःची होस्ट कॅश साफ करण्याचे बटण आहे, आणि सॉकेट विभागात उघड्या जोडण्या तोडण्याचे. फायरफॉक्समध्ये हेच काम 'अबाउट:नेटवर्किंग' या पानावरून होते. ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस चालू केलेले असेल, तर तो ब्राउझर विंडोज आणि राउटर या दोघांनाही वगळून परस्पर बाहेर विचारतो, आणि मग संगणकावर कितीही फ्लश केले तरी त्याच्याशी संबंध येत नाही; या कार्यालयात ती सोय कोणी चालू केलेली नव्हती.

पत्रिकांचा मॅकबुक

तिसरा संगणक चवथीच्या पत्रिका आणि सूचनाफलक तयार करणाऱ्या एका महाजनांचा (देवस्थानाच्या सभासदाचा) मॅकबुक होता, आणि त्याची तक्रार उलटी होती. जुने पान उघडते अशी नव्हे, तर काहीच उघडत नाही अशी. नव्या संकेतस्थळाबरोबर आरक्षणासाठी एक वेगळे उपनाव (सबडोमेन) द्यायचे ठरले होते आणि त्याची जोडणी (लिंक) व्हॉट्सअ‍ॅपवर समितीच्या गटात सकाळीच फिरली. तंत्रज्ञाने ते उपनाव डीएनएसमध्ये घातले मात्र त्यानंतर काही मिनिटांनी. महाजनांनी उत्साहाने त्या मधल्या वेळातच जोडणी दाबली होती.

असे नाव अस्तित्वात नाही, हेही डीएनएसच्या दृष्टीने एक उत्तरच आहे आणि तेही साठवले जाते. किती वेळ साठवायचे ते डोमेनच्या मूळ नोंदीतील एका वेगळ्या आकड्यावरून ठरते. १९९८ च्या एका मसुद्याने ही रीत पक्की केली. इथे तो आकडा ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास होता. ज्यांनी जोडणी उशिरा दाबली त्यांना पान मिळाले, आणि ज्यांनी सर्वांत आधी दाबली त्यांनाच तासभर ते नाकारले गेले.

मॅकवर टर्मिनल उघडून 'सुडो डीएसकॅशयुटिल -फ्लशकॅश' आणि त्यापाठोपाठ 'सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर' अशा दोन आज्ञा द्याव्या लागतात, आणि संगणकाचा पासवर्ड मागितला जातो. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्याने गोंधळून जाऊ नये. राउटर आधीच सार्वजनिक सर्व्हरांकडे वळवलेला असल्यामुळे तिथे नकाराची नोंद नव्हती, आणि पान लगेच उघडले. लिनक्सचा संगणक असता तर बहुतेक नव्या वितरणांवर 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस' ही एकच आज्ञा पुरली असती.

दोन वह्यांचा मेळ

संगणक सुधारले तरी बुधवारी रात्रीपासून गुरुवारी दुपारपर्यंत जुन्या डेटाबेसमध्ये पडलेल्या नोंदी तिथेच होत्या. सर्वप्रथम जुन्या सर्व्हरवरील आरक्षणाचा अर्ज बंद करून तिथे नव्या संकेतस्थळाकडे जाण्याची सूचना लावली. जगात इतर कोणाच्या कॅशमध्ये जुना पत्ता असेल तर निदान त्याच्या हातून नवी चूक होऊ नये म्हणून. मग रात्री ९ वाजून ४० मिनिटांनंतरच्या जुन्या नोंदी वेगळ्या काढून त्या नव्या डेटाबेसशी हाताने जुळवल्या. यात खरी मदत झाली ती काउंटरवरील छापील पावतीपुस्तकाची. संगणक आल्यावर ते बंद करावे, असा प्रस्ताव समितीपुढे बराच काळ पडून होता. खोली एकच आणि कुटुंबे दोन असा पेच एकदाच आला होता. काउंटरवर आरक्षण केलेले कुटुंब कारवारचे होते, त्यांनी तारखेत एका दिवसाचा बदल मान्य केला आणि प्रश्न मिटला.

तंत्रज्ञाशी नंतर सविस्तर बोलणे झाले. पत्ता बदलण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी संध्याकाळच्या आतच, टीटीएल ८६,४०० वरून ३०० वर आणून ठेवायला हवा होता. जुन्या मुदतीने साठवलेली उत्तरे संपायला जुनी मुदतच लागते, म्हणून टीटीएल ऐन वेळी कमी करून उपयोग नसतो. निदान २४ तास आधी तो कमी केला असता तर बुधवारी रात्री पत्ता बदलल्यावर पाच मिनिटांत सगळे साठे नव्या उत्तराकडे वळले असते, आणि हिशेबनिसांच्या संगणकाचा प्रश्न उद्भवलाच नसता. उपनावाची नोंद जोडणी फिरवण्याआधी घालायला हवी होती. काउंटरवरील होस्ट्स फाइलचा दोष मात्र त्याच्या माथी मारता येत नाही, कारण ती ओळ त्याच्या आधीची होती आणि ती पाहायला कोणी त्याला सांगितलेही नव्हते. तरी स्थलांतराच्या दिवशी कार्यालयातील प्रत्येक संगणकावर पिंग आणि एनएसलुकअप यांची उत्तरे जुळतात का, हे पाहायला फारसा वेळ लागत नाही, आणि पुढच्या कामात तो ते पाहणार आहे.

डोमेनचा टीटीएल त्यानंतर ३,६०० सेकंदांवर स्थिर केला. कायम ३०० ठेवावा असे तंत्रज्ञाचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, कारण ज्या गावात पावसात जोडणी घडीघडी अडखळते तिथे दर पाच मिनिटांनी नाव नव्याने विचारावे लागणे हा उगाचचा भार आहे. राउटरवरील सार्वजनिक सर्व्हर तसेच ठेवले. जुना सर्व्हर महिनाअखेरीस बंद केला, आणि त्याआधीच्या आठवड्यात त्याच्या भेटींच्या नोंदीत आरक्षणाच्या पानावर कोणीही आलेले दिसले नाही.